फॉर्मवरचं आईचं नाव

तीर्थरूप ताईस,

बर्फातून तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. बोटीवर जेवण गरम मिळतं आणि तुझा मफलर मी झोपतानाही काढत नाही.

आई विचारत होती ना, तिकडे चिटपाखरू नाही, मग खाड्यांना नावं कोण देतं? तिला सांग, आम्हीच सुचवतो. पाण्याची खोली मोजायची, किनारा नकाशावर काढायचा आणि फॉर्म भरून कचेरीत पाठवायचा. पलीकडच्या सामुद्रधुनीला आमच्या सुकाणूवाल्याचं नाव मिळालं. तो गेल्या हिवाळ्यात बुडाला, हे मात्र तिला सांगू नकोस.

परवा एक लहानशी खाडी मोजून झाली. आत वारा अजिबात लागत नाही. मी हौसेने फॉर्मवर आईचं नाव लिहिलं. साहेबांनी वाचून विचारलं, "मृत्यूची तारीख राहिली का?"

इथे जिवंत माणसाचं नाव देत नाहीत, हे मला कुठे ठाऊक होतं? मी म्हटलं, आई आजारी आहे, पण आहे. साहेब ओशाळले. फॉर्म परत देत हळूच म्हणाले, "असू दे तुझ्याजवळ."

मागच्या दोन्ही पत्रांत तू "आई बरी आहे" एवढंच लिहिलंस. ती जेवते का? माझं नाव काढते का? खरं काय ते कळव.

तो फॉर्म जवळ ठेवायचा मला धीर झाला नाही, म्हणून त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूला हे पत्र लिहिलंय. वाचून झालं की फाडून टाक.

तुझा,
धाकटा