खानावळवालीचं दार

४ फेब्रुवारी, रविवार

आणि वर मलाच म्हणतो, "ए मावशी, डोकं नसेल तर निदान तोंड बंद ठेव." सगळ्या पोरांसमोर. दात काढून हसली सगळी. हा कोण लागून गेला? खेळाचा सूत्रधार म्हणे! रिकाम्या गोदामात दिवसभर पोरं राजा, चोर, वैद्य बनून फिरतात. काय बोलायचं ते ज्याचं त्याने, पण कोणी कोण व्हायचं आणि पुढे काय घडायचं ते हा ठरवतो. मला खानावळवाली केलंय. भाचीच्या हट्टापायी गेले. एक वयस्कर बाई हवी, म्हणाली.

डोक्यावर हात ठेवला की त्या माणसापुरता खेळ थांबतो, असा त्यांचा नियम. मी ठेवला. तर हा म्हणतो, "हात खाली घे, नाटकं नकोत." मग बोलावलंस कशाला, बाबा?

५ फेब्रुवारी

इस्पितळाच्या धुलाईत चादरी पिळताना एकदम डोक्यात आलं. खानावळवालीचा नवरा म्हणे दिव्याला तेल आणायला गेला, तो आलाच नाही. माझा नवरा बल्ब आणायला गेला होता, तोही आला नाही. हे त्याला कुणी सांगितलं? घरात माणसं दोन. मी आणि भाची. मी नाही सांगितलं.

११ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा सूत्रधाराचं तेच. "नवरा परत आला तर घेशील का घरात?" मी म्हटलं, खानावळ आहे, पैसे टाकून जेवेल आणि जाईल. पोरं हसली. तो नाही हसला. "नीट उत्तर दे. तुझ्यासारख्या अडाणी बायका नुसता विषय टाळतात." पाणी प्यायला गेले तर तिथेही मागे आला. घेशील की नाही? याला कशाला एवढी पंचाईत?

भाची सगळा वेळ खाली बघत होती.

१३ फेब्रुवारी

तिला जेवताना धरलं. म्हटलं, "माझी अब्रू विकून तिथे राजकन्या झालीस ना?"

"मावशी, मी एक शब्द बोलले नाही. उलट त्यानेच विचारलं, तुझी मावशी येईल का म्हणून."

असं म्हणे. ताट तसंच टाकून उठली. मी समजूत घातली नाही. पोटच्या पोरीसारखी वाढवली. आता फोन वाजला की गॅलरीत जाते.

१६ फेब्रुवारी

मैत्रिणीकडे राहायला जाते म्हणाली. म्हटलं, जा. बॅग भरून दाराशी ठेवलीय. येताजाता पायात येते.

१८ फेब्रुवारी, रविवार



गोदामाची मागची खोली म्हणजे माझी खानावळ. सूत्रधार म्हणाला, "बाहेर कोणीतरी आलंय. उघडायचं का नाही, तू ठरव." दारावर दोनदा टकटक झाली. मग कोणीतरी नख ओढलं, वरपासून खालपर्यंत.

पातेलं हातातच राहिलं. सासूची झोप मोडू नये म्हणून नवरा उशिरा आला की अस्संच करायचा. दोन टकटक आणि नख. सासूला शेवटपर्यंत कळलं नाही. भाची माझ्याकडे आली ती तो गेल्यानंतर. तिला कुठून ठाऊक असणार? हे त्याला आणि मला, बस.

दार उघडलं. बाहेर वैद्य झालेली पोरगी. "असंच वाजवायचं, असं सांगितलं मला," म्हणाली. आणि सूत्रधार माझ्या तोंडाकडे बघत होता. निरोप न्यायला आलेला माणूस बघतो तसा.

घरी येऊन भाचीची बॅग मीच उपसली. कपडे कपाटात लावले. "चुकलं माझं," म्हटलं. ती म्हणाली, "घड्या तरी नीट घाल." म्हणजे राहणार.

१९ फेब्रुवारी

सूत्रधाराला फोन केला. म्हटलं, ती टकटक तुला कुणी शिकवली? मग एकदम "अहो मावशी" वर आला. नवरा त्याच्या ऑफिसात वॉचमन आहे. "ते घाबरतात हो तुम्हाला. म्हणाले, दार उघडते का बघ, मग मी घरी जातो."

म्हटलं, खेळातलं दार होतं ते. माझ्या दाराला बेल आहे. रविवारपर्यंत स्वतः येऊन सांग म्हणावं त्याला — बल्ब मिळाला का?