चार नावांची हरकत

घोलवड,
१४ मार्च

प्रिय जतीन,

फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मला राग येतो, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. जागृतीला वाचून दाखवायचं की नाही ते नंतर ठरव.

आधी घरच्या बातम्या. तुझ्या बंगल्याची मागची पन्हळ गळत होती, ती बदलून घेतली. वाडीत चिकू बरा आहे. ठेकेदाराची माणसं सकाळी येतात, दुपारपर्यंत क्रेट भरून टेम्पो नेतात. त्यांच्यातलं कोणी मला ओळखत नाही. परवा एकाने विचारलं, "मावशी, तुम्ही इथे कामाला का?" मी "हो" म्हटलं. सांगत बसण्यात अर्थ नव्हता. दर रविवारी तुझा बंगला उघडते, पंखे फिरवते, नळातलं गढूळ पाणी जाऊ देते. दीपेशच्या खोलीत पालीने अंडी घातली होती, ती काढली. गुडघा दुखतो, पण तो गेल्या वर्षीही दुखत होता.

निवृत्त होऊन दहा महिने होत आले. शाळा होती तोवर घरी बोलायला कोणी नाही हे कळत नसे, चाळीस मुलं दिवसभर डोकं खात. आता दोन वाजता जेवण उरकलं की पुढे संध्याकाळपर्यंत काय, हा प्रश्न रोज नव्याने पडतो. तुला दोष देत नाही. वापी इथून तासाभराचा रस्ता आहे आणि तू एकोणीस वर्षं तिथे आहेस, एवढंच नोंदवते.

डिसेंबरातल्या ग्रामपंचायतीच्या मतदानाचा दिवस तुला आठवत असेल. तू, जागृती, दीपेश, रिया, तुम्ही चौघं सकाळी नऊला आलात. मी आदल्या दिवशी बाजारातून वालपापडी, रताळी, कोनफळ आणलं होतं, पाला गोळा केला होता. मडकं पालथं घालून वरून जाळ करायला मला आता जमत नाही, तरी केला. रियाचं पहिलं मत होतं. बोटाची शाई दाखवत तिने माझ्याबरोबर फोटो काढला. तो तिने अजून पाठवलेला नाही, मीही मागितला नाही. जेवताना तू म्हणालास, "निवडणुका झाल्या पाहिजेत बुवा, त्याशिवाय ताईच्या हातची उकडहंडी मिळत नाही." सगळे हसले. मीही हसले. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत: पाच वर्षांत चार वेळा. मी तुमच्या येण्याची वर्षं अशीच मोजते.

केंद्राबाहेर आपला शेजारी नविनभाई उभा होता. "या या, वापीवाले! तिसऱ्या मशीनवर आपली रखमी हां, विसरू नका." जागृतीने विचारलं, "रखमी कोण?" तो म्हणाला, "अरे भाभी, आपल्या चिकूच्या पॅकिंगमधली. साधी बाई आहे, सांगू तिथे सही करते." तुम्ही चौघांनी तिलाच दिलं. मला माहीत आहे, कारण बाहेर आल्यावर तू त्याला अंगठा दाखवलास.

त्या जागेचा हिशोब तुला कधी कोणी सांगितला नसेल. आपल्या वॉर्डातून तीन सदस्य जातात, म्हणून प्रत्येकाला तीन मतं. तिसरी जागा आदिवासी बाईसाठी राखीव. किती जागा आणि कोणासाठी हे जनगणनेच्या डोक्यांवरून ठरतं, आणि त्या मोजणीत चिंचपाड्याची सगळी डोकी धरलेली आहेत. जागा पाड्यामुळे मिळाली. पण तिथे कोण बसणार ते मतदारयादी ठरवते, आणि यादीत आपल्या वाडीवाल्यांची नावं जास्त. म्हणजे जागा त्यांची, निवड आपली. मी नागरिकशास्त्र तीस वर्षं शिकवलं. पुस्तकात राखीव जागेवरचा धडा दीड पानाचा आहे. त्यात हे नाही.

रखमीविरुद्ध योगिता उभी होती, भिकीची मुलगी. माझी विद्यार्थिनी, बारावी झाली आहे, भांडखोर आहे. पाड्याची नळयोजना कागदावर दोनदा पूर्ण झाली आहे, तिला ते कागद ग्रामसभेत मांडायचे होते. नविनभाईला नेमकं तेच नको होतं.

भिकी तुला आठवते का? बाबांच्या वेळी ती बारमाही आपल्या वाडीत होती. तिच्यासारखा, फळ न खरचटता, चिकू कोणी उतरवत नसे. तू वाडी ठेक्याने दिलीस, ठेकेदाराने आपली माणसं आणली, आणि भिकी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊ लागली. मतदानाला ती भट्टीवरून एक दिवसाची सुट्टी मागून आली होती. तुम्ही शाई वाळवत गाडीकडे गेलात तेव्हा ती रांगेच्या पुढे पोचली होती. टेबलावरच्या माणसाने यादी चाळली आणि सांगितलं, नाव नाही. "नाय कसा? दरसालला असतं," ती म्हणाली. मग मला पाहिलं. "बाय, तू तं वळखतं मला. सांग यांना, मी मेली नाय." मागचे दोघे-तिघे हसले. तीही हसली. मी त्या माणसाला म्हटलं, ही इथलीच आहे. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः बीएलओ होतात. यादीत नाही म्हणजे नाही, तुम्हाला काय सांगायचं?" बरोबरच बोलला.

भिकी उन्हात बसून राहिली. मी घरी येऊन मडकं फोडलं आणि तुम्हाला वाढलं.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. योगिता तीन मतांनी हरली. पेपरात आलं की आपल्या वॉर्डात शहाऐंशी टक्के मतदान झालं, मतदारांच्या उत्साहाचं कौतुक. मी पाटीवर करावा तसा तो भागाकार केला. मत देणारे मागच्या वेळेपेक्षा वाढलेच नव्हते. खालचा, म्हणजे यादीतल्या नावांचा आकडा कमी झाला होता, म्हणून टक्का वाढला. आणि खालचा आकडा कमी करणारी मी.

हे आता नीट लिहिते. मागच्या मागच्या नोव्हेंबरात बीएलओ म्हणून मतदारयादी तपासायचं काम आलं. नोकरीतलं माझं शेवटचं. तू जाणतोस मी काम कसं करते. चिंचपाड्यात घरोघरी तीनदा गेले. पाड्यातली माणसं भट्टीवर जाताना दाराला कुलूप लावत नाहीत, करवंदीची काटेरी फांदी आडवी टाकतात. ती पाहिली की शेजारच्यांना कळतं, घर बंद आहे, गुरं आत शिरू द्यायची नाहीत. मी तीनदा गेले, तीनदा फांदी होती. शेजाऱ्यांचे अंगठे घेऊन पंचनामा केला, नोटीस फांदीला अडकवली आणि तेवीस नावांपुढे "स्थलांतरित" लिहिलं. प्रारूप यादी लागली, हरकती मागवल्या. हरकत घ्यायला माणसं होती कुठे? विटा थापत होती. एकही हरकत आली नाही, म्हणून वरून माझं कौतुक झालं. आमच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे की कामासाठी काही काळ बाहेर गेलेला माणूस तिथलाच रहिवासी धरावा. मी ती ओळ वाचली होती. तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

निकालानंतर योगिता माझ्याकडे आली. मला वाटलं ओरडेल. ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, शाळेत गैरहजेरी मांडायच्या आधी तुम्ही आमचं नाव दोनदा घ्यायचात. कोणी नुसतं पोटात दुखतं म्हणून मागे बसलेलं असलं, तरी तुम्हाला कळायचं."

होळीला सगळी माणसं भट्टीवरून परततात हे मला ठाऊक होतं. त्या नोव्हेंबरातही ठाऊक होतं. या होळीला मी दोन दिवस चिंचपाड्यात जाऊन बसले. योगिता माणसं आणायची, मी अर्ज भरायची. सुरुवातीला कोणी जवळ येईना. शेवटी भिकी येऊन पुढ्यात बसली. "लिव बाय. आता मी हालत नाय इथून. आणि फोटो बरा काढ, मेल्यासारखा नको." मग एकेक आले. तेवीसपैकी एकोणीस अर्ज झाले. दोघं बोटीवर पोरबंदरला आहेत, त्यांचे पावसाळ्यात होतील. एक म्हातारा भट्टीवरच वारला. एक मुलगी म्हणाली, नाव घालून काय उपयोग बाई, तुम्ही परत खोडाल. तिने अर्ज दिला नाही. मी आग्रह केला नाही. पुढची ग्रामपंचायत पाच वर्षांनी. तोपर्यंत रखमी तिथे बसेल आणि सांगतील तिथे सही करेल.

तू म्हणशील, हे सगळं योगिताला लिही, मला कशाला. म्हणून आता तुझ्यापर्यंत येते.

त्याच नोव्हेंबरात, त्याच रजिस्टरात, तुमच्या चौघांच्या नावांपाशी मी पोचले. बंगला बंद होता. तीनदा जाण्याचा प्रश्न नव्हता, चावी माझ्याकडे होती. तुम्ही वर्षातून सहा महिने नव्हे, एकोणीस वर्षं बाहेर आहात. रियाचा तर जन्मच वापीचा, तिचं नाव अठरा पूर्ण होताच मी स्वतः घातलं होतं. नियमाने तेवीस नावं राहायला हवी होती आणि चार जायला. मी उलटं केलं. तुमच्यापुढे लिहिलं, "भेट झाली, कुटुंब राहते." तीन मतांनी योगिता हरली आणि चार मतं तुमची होती. हे मांडायला मला डिसेंबर ते मार्च लागले.

मी हे नविनभाईसाठी केलं नाही. रखमी तेव्हा चित्रातही नव्हती. तुमची नावं गेली असती तर तुम्हाला इथे यायला कारण राहिलं नसतं, एवढंच. त्या चार नावांवर मी माझे पाच वर्षांतले चार दिवस टिकवून ठेवले होते. लाज वाटते, पण हे कोणालातरी सांगायला हवं आणि मला दुसरं कोणी नाही.

सोमवारी डहाणूला तहसील कचेरीत जाऊन मी तुम्हा चौघांच्या नावांवर हरकत घेतली. कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा वर केला. "मॅडम, सख्ख्या भावाची?" मी विचारलं, यात नात्याचा रकाना आहे का? नव्हता. त्याच्याबरोबर मी माझी खोटी नोंदही लेखी कबूल केली आहे, त्याचं जे व्हायचं ते होईल. तुला या आठवड्यात नोटीस मिळेल. ती हातात पडण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. सुनावणी सत्तावीस तारखेला अकरा वाजता आहे. वीजबिल आणि सातबारा घेऊन आलास तर भांडू शकतोस. मी समोरच्या बाजूला असेन आणि खरं तेच सांगेन. नाही आलास तर नावं निघतील, आणि ते योग्यच होईल. वापीत नाव घाल, तिथेही मत लागतं. त्या दिवशी मी पाच जणांचा स्वयंपाक करणार आहे. उरला तर उरला.

तुझीच,
ताई