पॅटर्न उजव्या अंगठ्यात होता

१० नोव्हें., सोम.

सुहासला घरी आणलं. मुलुंडला आल्यापासून पहिल्यांदाच सोसायटीची लिफ्ट हवी तेव्हा चालू होती. आजचं सुख एवढंच.

उजवा हात हलत नाही, उजवा पाय थोडा. बोलणं नाही. एकच शब्द राहिलाय, 'तेच'. पाणी हवं, तेच. उशी काढ, तेच. आपली खिडकी बघून रडला, तेव्हाही तेच.

हॉस्पिटलातून निघताना डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आलाय. समजतं त्यांना बरंचसं. शब्द सापडत नाहीत."

माझ्या नवऱ्याला शब्द सापडत नाहीत. नळाच्या पाण्यावरून तासभर बोलणारा माणूस.

हॉस्पिटलात त्याचा फोन बॅटरी संपून बंद पडला होता. आज चार्ज केला. चालू झाल्यावर बोटाचा ठसा घेत नाही, आधी पॅटर्न मागतो. नऊ ठिपके. मला माहीत नाही. बायकोलासुद्धा सांगायचा नसतो, हे त्याचं तत्त्व. अंधेरीच्या ऑफिसात सायबर सिक्युरिटी सांभाळायचा, घरीही सांभाळली. झकास सांभाळली.

१४ नोव्हें., शुक्र.

केतकी बेंगळुरूहून आलीय, इथूनच काम करते. पोरगी बापासारखी. सुहासचं सिम काढून माझ्या जुन्या फोनमध्ये घातलं. ओटीपी यायला लागले. बँक सुटली, मेडिक्लेम सुटला.

"मग आता तो फोन कशाला हवाय आई?"

फोटो. सगळे त्यातच. सुहासचा क्लाऊडवर विश्वास नाही. ढग म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर, तिथे आपला पसारा कशाला, असं म्हणायचा. माझ्या फोनमध्ये माझे फोटो म्हणजे जास्वंदीचे आणि विजेच्या बिलाचे. माणसांचे तोच काढायचा.

मेडिक्लेमच्या साईटवर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा'. सिग्नल असलेले चौकोन निवडा. सिग्नलचा खांब धरायचा की नाही? तीनदा नापास झाले. विज्ञानाची शिक्षिका आहे मी. माणूस असल्याचं सिद्ध करायला खांब ओळखावा लागतो, हे आम्ही मुलांना शिकवलंच नाही.

दु. लॅपटॉप त्याच्या समोर धरला. तो चेहरा बघून उघडतो. सुहास सरळ बसला, केसांवरून डावा हात फिरवला. फोटो काढायचा असल्यासारखा. लॅपटॉप म्हणाला, ओळखू आलं नाही, पुन्हा प्रयत्न करा. तोंडाची उजवी बाजू खाली आलीय, त्यामुळे. त्यालाही कळलं. लॅपटॉप त्यानेच मिटला.

२२ नोव्हें., शनि.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुहासला पुन्हा घेतलं. गेल्या वर्षी काढलं होतं, कारण प्रत्येक फॉरवर्डखाली तो 'खोटं आहे' लिहायचा. नुसतं तेवढंच. 'खोटं आहे.' पूर्णविरामासकट.

आज सेक्रेटरी नाईककाकांनी त्याला 'गेट वेल सून' लिहिलं आणि खाली फॉरवर्ड: लकवा आल्यास दहाही बोटं सुईने टोचा, रक्ताचा थेंब येऊ द्या, रुग्ण उठून बसेल. ज्या माणसाला लकवा आलाय, त्याच्या ग्रुपवर.

मी लिहिलं, 'खोटं आहे.' पाठवलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसले.

रोज त्याला गुड मॉर्निंगची फुलं येतात. माझ्या फोनवर दिसतात. त्याला वेगळे मेसेजही करतात लोक, मग मला विचारतात. 'सगळ्यांना एकच टिक येतेय हो वहिनी, बघत नाही का तो?' नाही बघत.

१ डिसें., सोम.

गेला आठवडाभर एकच चाललंय. सकाळी चहा झाला की त्याच्यापुढे फोन धरते. तो डाव्या बोटाने ठिपके जोडतो. चूक. पुन्हा. चूक. मग फोन म्हणतो, थोड्या वेळाने या. सरकारी खिडकीसारखा.

माझी एक समजूत आहे. पॅटर्न त्याच्या डोक्यात कधी नव्हताच. उजव्या अंगठ्यात होता. खिशातून फोन काढेपर्यंत अंगठा फिरलेला असायचा. आता तो अंगठा मांडीवर पडून असतो.

आज पाचव्यांदा चुकलं आणि त्याने फोन भिरकावला. पलंगाखाली गेला. मग स्वतःच ओणवा व्हायला लागला शोधायला, पडता पडता वाचला.

केतकी आतून धावत आली. "बस कर ना आई! परीक्षा घेतेयस तू त्यांची."

"मला फोटो हवेत."

"फोटो नकोयत तुला. तुला त्यांना आठवायला हवंय."

दोघींनी मिळून त्याला नीट बसवलं. फोन कपाटात ठेवला, साड्यांखाली. चार्जिंग संपू दे.

पण खरं आहे ते. मला वाटतं की तेवढं एक जुळलं की बाकीचं

९ डिसें., मंगळ.

ऑफिसातला प्रशांत आला होता. सुहासच्या हाताखाली होता, जोगेश्वरीला राहतो. येताना शहाळी. आल्यापासून मोठ्याने, सावकाश बोलत होता, सुहास बहिरा झाल्यासारखा. सगळे तसंच करतात.

निघताना चपला घालत मला म्हणाला, "वहिनी, सरांचा एक व्हिडिओ आहे. तुम्हाला पाठवू का? ते ट्रेनिंग असतं ना आमचं, कंपल्सरी. दरवर्षी सगळ्यांना बघावं लागतं. सरच बोलतात त्यात. यंदाचं चालू झालंय, म्हणून... डेस्कवर सगळीकडून सरांचाच आवाज येतो. कसंतरी होतं यार."

तो व्हिडिओ कोणी बघत नाही, 'पुढे, पुढे' दाबतात, हे सुहासनेच मला सांगितलं होतं. तक्रार करायचा. यंदा सगळ्यांनी पूर्ण बघितला, प्रशांत म्हणाला.

व्हिडिओ आला, पण रात्रीपर्यंत उघडला नाही. सुहासने मला कधी व्हॉइस नोट पाठवली नाही, टाइपच करायचा. त्याचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही हे तोवर लक्षातही आलं नव्हतं.

१० डिसें., बुध.

सकाळी एकटीनेच लावायचा म्हणून स्वयंपाकघरात लावला. निळा शर्ट, मागे कुंडी. "नमस्कार. मी सुहास. पुढची बारा मिनिटं तुम्हाला कंटाळा येणार आहे, पण मला पगार त्याचाच मिळतो." पोळी करपली.

आतून आवाज आला, तेच तेच तेच. मोठ्याने. त्याच्या खोलीत नेला फोन. त्याच्यासमोर धरू की नको? केतकीकडे बघितलं. तिने खांदे उडवले, डोळे भरलेले.

तिघांनी बघितला. सुहास स्वतःकडे टक लावून बघत होता, नातेवाइकाकडे बघावं तसा. पासवर्डमध्ये वाढदिवस घालू नका, मुलीचं नाव घालू नका, वगैरे. (केतकी म्हणाली, "थँक्यू बाबा.") शेवटी तो स्क्रीनवर बोट रोखून म्हणतो, "आणि आपला पासवर्ड कोणालाही..." आणि थांबतो, शाळेत मुलांकडून वाक्य पुरं करून घेतात तसा.

आणि पलंगावरून आवाज आला, "सांगू नका."

स्पष्ट. न अडखळता. त्याचाच आवाज, थोडा घोगरा.

केतकी ओरडलीच. मी काय केलं आठवत नाही. तो आमच्याकडे बघत होता, दचकल्यासारखा. मग पुन्हा म्हणाला, "सांगू नका." आणि हसला, डाव्या बाजूने.

मी विचारलं, "सुहास, पॅटर्न काय आहे रे?"

"सांगू नका."

इतकं हसलो आम्ही. किती दिवसांनी. हसता हसता मला वाटलं, विनोद केला त्याने. केला ना?

१७ डिसें., बुध.

वाचा-उपचारांच्या डॉ. शर्वरी येतात, तरुण आहेत. आनंदाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाल्या, "काकू, तोंडात बसलेली वाक्यं असतात, आकडे, प्रार्थना, शिव्या. ती कधी कधी आपोआप येतात. चांगली खूण आहे. पण त्याचा अर्थ त्यांना तेच म्हणायचंय असा नाही."

म्हणजे विनोद नव्हता.

आठवडाभर आता 'तेच' गेलं, 'सांगू नका' आलं. चहा हवा, सांगू नका. टीव्ही बंद कर, सांगू नका. काल पार्सल घेऊन माणूस आला, दारातून म्हणाला, "मॅडम, ओटीपी बोला." आतून गर्जना, "सांगू नका!" तो माणूस हसून म्हणाला, "बरोबर बोलतायत काका. कोई भरोसा नाही आजकाल."

जगात हे वाक्य निदान कुठेही खपतं.

२८ डिसें., रवि.

घाटकोपरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले, केतकीला न सांगता. दुकानदार चांगला होता. "फॉरमॅट केला तर उघडेल ताई. पण आत काही उरणार नाही. नवाकोरा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "घाई नसेल तर राहू द्या."

घरी येऊन सुहासला विचारलं. त्याचा फोन आहे. "सगळं पुसून टाकू? फॉरमॅट?"

"हो," म्हणाला. आणि मान नाही-नाही हलवली.

पुन्हा विचारलं. "नाही," म्हणाला, आणि मान डोलावली. हो-नाही नुकतंच परत आलंय, पण त्यांची अदलाबदल होते, शर्वरी म्हणाल्या होत्या. तोंड खरं की मान? मी विचारत राहिले, तो सांगत राहिला. शेवटी त्याने डोळे मिटले. दमला. माझीही वाट लागली.

फोन परत साड्यांखाली.

६ जाने., मंगळ.

फिजिओ म्हणाला, उजव्या अंगठ्यात हालचाल आहे. मला दिसली नाही. मग दिसली. पापणी फडफडावी एवढी.

सं. केतकीनेच कपाटातून फोन काढून चार्ज केला. मी बोललेही नव्हते. "एकदाच हं आई. चुकलं तर चुकलं." मी त्याचा उजवा हात तळव्याखालून उचलून धरला, अंगठा काचेवर टेकवला. ढकलायचं नाही, नुसतं वजन पेलायचं.

बराच वेळ काही नाही. मग अंगठा सरकला. खालच्या डाव्या ठिपक्यापासून वर, मधल्या ठिपक्यापर्यंत. तिथे थांबला. तो अंगठ्याकडे बघत होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. पुढे गेला नाही.

"चुकीचा पॅटर्न," केतकीने वाचलं.

पण एवढं कळलं की खालून डावीकडून सुरू होतो. एवढी वर्षं शेजारी झोपले, हे माहीत नव्हतं.

या वेळी त्याने फोन फेकला नाही. माझ्या हातात दिला.

१४ जाने., बुध.

संक्रांत. केतकी काल गेली, तिच्या ऑफिसात आता घरून काम चालणार नाही. नाईककाका तिळगूळ घेऊन आले. सुहासच्या शेजारी तासभर बसले, एकही फॉरवर्ड काढलं नाही. जाताना म्हणाले, "ग्रुपवर भांडायला कोणी नाही हो आता." नाक पुसत गेले.

शाळेतली रजा वाढवलीय.

२५ जाने., रवि.

सकाळी भाजी चिरत होते. आतून हाक आली.

"शैला."

शैला म्हणजे त्याची धाकटी बहीण, कणकवलीला असते. पण घरात मीच होते. झटका आल्यापासून त्याने कोणालाही नावाने हाक मारली नव्हती. एकदाही.

गॅस बंद केला. "ओ. आले," म्हटलं.

दारात उभी राहिले, त्याने मला बघितलं आणि चेहरा पडला. त्याला कळलं की नाव चुकलं. "नाही. नाही नाही. शै... नाही." डावा हात हवेत काहीतरी शोधत होता.

"असू दे रे. मलाच बोलावलंस ना? आलेय मी. काय हवंय?"

खुर्ची ओढून समोर बसले. त्याने डोळे माझ्यावर लावलेत. ओठ हलतात, थांबतात. मी काही सुचवत नाहीये. पाणी का, चहा का, काही नाही. शर्वरी म्हणाल्यात, वेळ द्या.

वही मांडीवर घेऊन हे लिहितेय. अजून शोधतोय तो.