नाताळची ड्युटी

प्रिय नवनीतदादा,

आमच्या साडीच्या दुकानात आजारी पडायचं तर सकाळी आठच्या आत कळवावं लागतं. माझा खोकला मात्र नऊपर्यंत गप्प बसतो. त्याला नोकरीची कदर नाही. शेठ म्हणतात, "ताई, मिरचीना हंगाम शे, आखं नंदुरबार खोकली ऱ्हायनं."

आज मात्र तो सातलाच उठला आणि रुमालावर रक्त आलं. तेही मिरचीवर ढकलून पाहिलं, पटलं नाही. दवाखान्यात जावं म्हणून शेठना कळवायला फोन हातात घेतला. पण भाऊबीजेला मी तुझ्याकडे आले, तेव्हा माझी ड्युटी दुकानातल्या ग्रेसीने केली होती. आज तिचा नाताळ, ती घरी गेलीय. मी सुट्टी घेतली, तर शेठ तिला नवापूरहून बोलावणार.

हे पत्र पाठवत नाही. तू धावत येशील.

फोन ग्रेसीलाच केला. म्हटलं, "निवांत राहा गं, मी जातेय दुकानात."

तुझी,
चेतना