परतीची मुदत

धायरी, पुणे
१० मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही कपाटात जपून ठेवता, म्हणून पत्र. एसी घेतला, ऑनलाइन. अपघातात समाधानची मान मोडून खालचं अंग लुळं पडलं, तेव्हापासून त्याला घामच येत नाही. खोली तापली की ताप चढतो. मागचा उन्हाळा ओल्या टॉवेलांवर काढला, पण आमच्या डोक्यावर थेट गच्ची. डॉक्टर म्हणाले, यंदा खोली गारच हवी.

खोकं हॉलमध्ये उभं आहे. भिंतीला भोक पाडायला घरमालक सीतारामअण्णांची परवानगी लागते. ते गावच्या जत्रेच्या गडबडीत, बघू म्हणाले. समाधान म्हणतो, तोवर खोक्याचं नाव रेशनकार्डावर चढवून घेऊ.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो उन्हाळाभर पुरवा.

तुमची
प्रियदर्शनी

हदगाव
१७ मार्च

चि. प्रियदर्शनी हिला,
अनेक आशीर्वाद.

एसटीत आयुष्यभर तिकिटं फाडली, पण तिकिटामागचं छापलेलं वाचणारा प्रवासी पाहिला नाही. तू तरी वाच. माल परत करायची मुदत कधीपासून मोजतात? घरी आल्यापासून की भिंतीवर लागल्यापासून? शेजारच्या माऊलीनं कूलर घेतला तेव्हा दुकानातच तासभर चालवायला लावला. दुकानदार वैतागला, पण कूलर अजून चालतो.

अण्णांना माझा रामराम सांग आणि जरा घाई करायला सांग. समाधानरावांना म्हणावं, जावईबापू, खोक्याकडून भाडं घ्या. तुझी आई विचारते, जेवणाची वेळ सांभाळतेस ना?

दोघांवर आमची माया आहे, ती तिकडे कमी पडू देऊ नकोस.

तुझे बाबा
नागोराव

धायरी, पुणे
६ एप्रिल

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही नेमकं विचारलंत, पण मी उशिरा वाचलं. जत्रा झाल्यावर अण्णांनी होकार दिला. कंपनीचा माणूस एसी बसवून गेला. दोन रात्री समाधान शांत झोपला. नंतर नुसता वारा यायला लागला, गारवा नाही.

विकणाऱ्यांना फोन केला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की मुदत दहा दिवसांची होती आणि माल घरी आला त्या दिवसापासून. मी म्हटलं, तेव्हा तो खोक्यातच होता, बिघडलाय हे कळणार कसं? तर म्हणाली, मॅडम, खोकं बंद होतं तोवर परत करता आला असता. आता तो कंपनीने दुरुस्त करायचा. त्याला वॉरंटी म्हणतात. ती वेगळी आणि परती वेगळी.

कंपनीचा माणूस आला. आतली कॉइल गळतेय, नवीन मागवावी लागेल म्हणाला. समाधानकडे पाहून ओशाळला, तक्रारीवर ‘तातडीचे’ लिहून गेला. अजून कॉइल नाही. भाड्याचा एसी शोधला, सगळे आधीच गेलेत. दुसरा घेण्याची ऐपत नाही. दुपारी ताप चढतो, मी रजा टाकून चादरी भिजवते. हिंजवडीच्या ऑफिसात साहेबांनी काल हसून विचारलं, उद्या तरी येणार का.

तुमचे आशीर्वाद मागते, बाकी मागायला जागा उरली नाही.

प्रियदर्शनी

हदगाव
१४ एप्रिल

चि. प्रियदर्शनी हिला,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. अर्ध्यातच ती उठून गेली. इकडे घेऊन ये म्हणावं, तर इथलं ऊन पुण्याच्या वरचढ. लोक म्हणतात, ग्राहक मंचात जा. जाशीलही, पण तारखा पडेपर्यंत उन्हाळा थोडाच थांबतो? मला काही सुचत नाही, बाळा. आम्ही दोघं येतो. निदान चादरी भिजवायला हात होतील.

आमचा जीव तुमच्यापाशी आहे, एवढं लक्षात असू दे.

बाबा

धायरी, पुणे
४ मे

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

येऊ नका. समाधान घरी नाही. ताप उतरेना, तेव्हा त्याला दवाखान्यात हलवलं. तिथून खडकवासल्याच्या पलीकडे एका शुश्रूषा केंद्रात ठेवलंय. तिथे खोली गार असते. पडून पडून पाठीला झालेल्या जखमा खोल गेल्या आहेत, छातीही कफाने भरली आहे. डॉक्टर घरी नेण्याचं बोलत नाहीत.

कॉइल आली, ती दुसऱ्याच मॉडेलची. मी पुन्हा फोन लावत होते, तर समाधान म्हणाला, पुरे कर. ते यंत्र कुणी परत घेणार नाही, आणि त्यापायी तुझी नोकरी मात्र जाईल. मी ऐकलं नाही, त्याच्यासमोरच लावला. वाट पाहा, असं संगीत वाजत राहिलं.

काल रविवार, दिवसभर त्याच्याजवळ होते. पाऊसकाळात हवा गार होते, तेव्हा घरी जाऊ ना, असं विचारलं. तो म्हणाला, इथल्या मावशी मला न दुखवता कुशीवर वळवतात, आणि तूही आता रात्रीची झोपत जा. मी पुन्हा विचारलं, तर त्याने डोळे मिटून घेतले. झोपला नव्हता, बाबा. पापण्या हलत होत्या.

आईला यातलं जमेल तेवढंच सांगा. लोभ असू द्या.

तुमची
प्रियदर्शनी