अकरा तासांचं अंतर

ता. ९ मार्च

चि. ढब्बू यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे आमचं बरं चाललंय. फोनच केला असता, पण फोन लागला रे लागला की आई हात पुढे करते आणि माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. अक्षराला हसू नकोस.

आमच्याकडे सध्या विमानांचं खूळ आहे. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून आईनं पृथ्वीचा गोल मागून आणलाय आणि पलंगावर बसून दिवसभर तो फिरवत असते. त्याआधी मी भिंतीवरच्या नकाशावर टेप लावून तुझ्या विमानतळापर्यंतचं अंतर मोजलं होतं. कपडे शिवण्यात जन्म गेला माझा, सरळ रेघ सगळ्यात जवळची एवढंच ठाऊक. आई म्हणाली, "अगं, सपाट कापडावर ठीक आहे. फुगीर खांद्यावर चालेल का?" तिनं गोलावर आधी माझ्या वाटेनं दोरा धरला, मग तोच ताणला. तर तो वर सरकून थेट बर्फाच्या प्रदेशाला शिवून गेला आणि चार बोटं शिल्लक उरला! तुमचं विमान खरंच बर्फावरून जातं का रे? खिडकीतून काही दिसतं? आणि जाताना वेळ जास्त, येताना कमी, हे काय गौडबंगाल? आई म्हणते, वारा पाठीशी असतो. मी म्हणते, घराकडे येताना कुणाचाही पाय जरा भरभरच उचलतो.

मग आम्ही दोघींनी किलोमीटर काढले, विमानाच्या वेगानं भागले. उत्तर आलं अकरा तास. मला कोण आनंद झाला. सकाळी निघालास तर रात्री दारात.

मंगळवारी डॉक्टरीणबाई आईला तपासायला आल्या होत्या. जाताना जिन्यात थांबून त्यांनी विचारलं, "भावाला यायला किती वेळ लागतो?"

मी ऐटीत सांगितलं, "अकरा तास."

"मग वेळ आली की मी आदल्या दिवशी सांगेन," त्या म्हणाल्या.

हो, तशीच वेळ आहे. आईचं हृदय थकलंय. आडवं झोपता येत नाही, म्हणून ती पलंगावर बसून असते. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय तिनं मला. "नवं काम आहे त्याचं, उगाच जीव टांगणीला लागेल." तिची शपथ मी कधी मोडली नव्हती.

काल तिकीटवाल्याकडे चौकशीला गेले. तो हसलाच. सरळ विमान नाहीच म्हणे. मध्ये उतरायचं, दुसऱ्याची वाट बघायची, त्यात तिकीट हातात पडायला हवं, शिवाय दोन्हीकडचा रस्ता. सगळं धरून दोन दिवस, तेही नशीब धड असेल तर. मी नुसती शिवण मोजली होती. माप घेणं, कापणं सगळं विसरून गेले. 

घरी येताना डॉक्टरीणबाईंना गाठून खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग माझ्या सांगण्याची वाट बघू नका."

आई आज बोलते, हसते, माझ्यावर डाफरते. मला भीती वाटतेय, ढब्बू. मी बोलावेन तेव्हा निघालास, तर तू फक्त माझ्यासाठी आलेला असशील. तिच्यासाठी यायचं असेल तर आजच नीघ.

शपथ मोडलेली,
तुझी ताई