आम्ही कुठे जाणार नाही

बाई,

तुम्ही हयात असताना तुम्हाला पत्र लिहायची हिंमत झाली नाही. तुम्ही ते लाल शाईनं तपासून परत पाठवलं असतं. आता तो धोका नाही, तरी ऱ्हस्व-दीर्घ जपूनच लिहितोय. सवय.

शंका व्याकरणाची आहे. तुम्ही शिकवायचात इतिहास, पण 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक मला कळला तो तुमच्या तासाला. नववीच्या सहामाहीत जर्मनीच्या एकीकरणावर लिहिताना मी असा रंगात आलो, की 'अखेर आपण फ्रान्सचा पराभव केला' असं लिहून मोकळा झालो. पेपर वाटायच्या दिवशी तुम्ही मला उभं करता, चष्म्यावरून बघता. "आपण? तुझं कोण होतं रे त्या सैन्यात? मामा?" वर्ग खिदळतो. "मागच्या आठवड्यात इटालियन होतास, आज जर्मन झालास. दोन पानं वाचली की झाला त्यांच्यातला! हसू नका रे, हाच रोग तेव्हा सगळ्या युरोपाला झाला होता. शेजारच्या संस्थानातल्या माणसाची बोली धड न कळणारे लोक एकाएकी 'आपण' म्हणायला लागले. गोष्ट सुंदरच होती. पण 'आपण'भोवती कुंपण घातलं की आतला माणूस बाहेर बघून 'आम्ही' म्हणतो. मग त्या 'आम्ही'ला घर पुरत नाही. तो बोटीत बसतो, दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि वर सांगतो, तुम्हाला सुधारायला आलोय. झाला साम्राज्यवाद. लिहून घ्या." मग आफ्रिकेचा नकाशा उलगडून सरळ रेषांवरून छडी फिरवलीत. सीमा पट्टीनं आखलेली दिसली की समजायचं, आखणारा तिथला नव्हता.

हे सगळं पुस्तकातलं नव्हे, हे मला पुढं तुमच्या स्वयंपाकघरात समजलं. मी तपासलेले पेपर न्यायला आलो होतो, तुम्ही शेंगदाणे भाजत होतात. मूठभर माझ्या हातावर ठेवलेत, चटका बसेल एवढे गरम, आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणालात, "लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, आमच्यात कढीत गूळ घालतात. आमच्यात! मी तिथंच उभी, हातात पळी." मी विचारलं, मग तुम्ही 'आपल्यात' कधी झालात? तुम्ही हसलात. "गूळ घालायला लागले तेव्हा."

बाई, मी मॉन्ट्रियलला असतो. पोटासाठी विमानांच्या दुरुस्तीची मॅन्युअलं लिहितो, आणि हौसेनं इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मंडळाचीच टिंगल करतो. इथल्या कढीतला गूळ म्हणजे फ्रेंच. माझ्या कढीत तो काही नीट विरघळला नाही, मीटिंगमध्ये दाताखाली खडा येतोच. मुलगी मात्र फ्रेंच शाळेत वाढली. आता सतरा वर्षांची आहे. जेवताना इथल्या फ्रेंचांबद्दल सहज म्हणते, "इंग्रजांनी आम्हाला जिंकलं ना, त्याच्यानंतर..." मी म्हणतो, आम्हालाही जिंकलं होतं. "मग तुला तर कळायला हवं, बाबा!" त्याच्याही आधी जे इथं राहत होते त्यांना कुणी जिंकलं, असं मी तुमच्या आवाजात विचारतो. "ते आम्हाला शाळेत शिकवतात. तुमच्या मंडळात काय शिकवतात?" सांगा, काय उत्तर देऊ? मंडळात यंदा पुरणपोळीची स्पर्धा होती.

आमच्या या फ्रेंच प्रांतानं देशातून वेगळं व्हायचं का, यावर पुन्हा जनमत घ्यायचं म्हणतात. तोवर तिला मताचा हक्क आला असेल, आणि ती 'हो' म्हणणार आहे. हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण कंपनीनं मला कॅल्गरीच्या ऑफिसात जागा देऊ केलीय. तिथं गूळ लागत नाही, सगळा कारभार इंग्रजीत. इथली माझी खुर्ची किती दिवस टिकेल याची खात्री नाही. सोमवारी उत्तर द्यायचंय. गुरुवारी जेवताना मी विषय काढला. मुलीनं चमचा खाली ठेवला. एरवी ती आमच्याशी इंग्रजीत बोलते, मधूनच मोडकं मराठी, पण रागावली की थेट मराठीत येते, कारण रागाचं मराठी तिला आईकडून अस्सल मिळालंय; 'छे, नाही' तेवढं फ्रेंचमध्ये. "बें, नों! कॅल्गरी? आम्ही कुठे जाणार नाही."

आणि उठून गेली. बायको म्हणाली, "घे. पोरगी नाही म्हणतेय. तिला आपण तिघं इथंच हवेत." मी म्हटलं, ती 'आपण' नाही म्हणाली, 'आम्ही' म्हणाली. "अरे, तिला कुठला फरक कळतोय? काल मला म्हणाली, आई, आम्ही दोघी ग्रोसरीला जाऊ या का! जेवणातसुद्धा मेलं तुझं व्याकरण!"

खरं असेल. फ्रेंचमध्ये या दोन्हींना एकच शब्द, इंग्रजीतही एकच. आपल्याच भाषेला हा चोंबडेपणा, की 'आम्ही' म्हणताना समोरचा आत की बाहेर हे आधी सांगून टाकायचं. तिला 'आपण' म्हणायचं असेल, तर ते चुकलेलं मराठी आहे आणि त्याच्या आत आम्ही दोघं आहोत. पण तिचं मराठी बरोबर असलं तर? तर ती आणि तिचे लोक कुठे जाणार नाहीत, आणि आम्ही दोघं टेबलाच्या या बाजूला, हातात पळी. गुरुवारपासून मी ते वाक्य उलटसुलट करून ऐकतोय. आवाज रागाचा होता की घाबरल्याचा, तेही आता आठवेनासं झालंय. दुसऱ्या कुणाच्या घरात हे घडलं असतं तर दिवाळी अंकाला दोन पानं तरी झाली असती.

काल कॅल्गरीचा नकाशा उघडला. प्रांताच्या सीमा बघितल्या, एका डोंगराची बाजू सोडली तर पट्टीनं आखल्यासारख्या. तुमची छडी आठवली. आत्ता शनिवारची दुपार आहे. मुलगी आत्ताच मेट्रोनं मैत्रिणीकडे गेली. दारात बूट चढवताना म्हणाली, "संध्याकाळी आम्ही पिझ्झा मागवू या?" गुरुवारच्या 'आम्ही'त कोण कोण होतं, हे मी विचारू शकलो असतो. 'अगं, अशा वेळी आपण म्हणतात,' एवढंच तर बोलायचं होतं, इतकी वर्षं तिच्या कितीतरी चुका मी जागच्या जागी सुधारल्या आहेत. मी म्हणालो, "मागवू."

बाई, फरक समजावून सांगितला, तर तिला दोन्हींतला एक शब्द निवडावा लागेल. म्हणून मी ही एक चूक तशीच राहू दिली आहे.